तिसऱ्या दिवशीचा फोन

यंदाच्या अंकाचा विषय 'सोडणं' असल्याचं संपादकांनी कळवलं. घर सोडणं, गाव सोडणं, नोकरी सोडणं यांवर लिहिणारी मंडळी अंकात असतीलच असं धरून मी आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर गेलो आणि सिगारेटचं एक पाकीट मागितलं. मी ओढत नाही, हे टपरीवाल्याला गेली पंधरा वर्षं ठाऊक. त्याने पाकीट पुढे केलं, पण हातातून सोडलं नाही.

"घ्यायचंय का नुसतं बघायचंय?"

"वाचायचंय."

मग सोडलं.

पाकिटाचा ८५ टक्के दर्शनी भाग चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला असावा, असा नियम २०१६ पासून आहे. ते चित्र बघवत नाही, म्हणून नेहमीचं गिऱ्हाईक त्यावर अंगठा ठेवायला शिकतं. चित्राजवळ लाल पट्टीवर तंबाखूने काय होतं त्याचं एक वाक्य, आणि काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत, आजच सोडा, फोन करा, अशा अर्थाचे शब्द आणि एक क्रमांक: १८००-११-२३५६. सप्टेंबर २०१८ पासून सिगारेट, बिडी, तंबाखूची पुडी, सगळ्यांच्या वेष्टनावर हा क्रमांक छापावा लागतो. हा नंबर कुणाचा, असं मी टपरीवाल्याला विचारलं. त्याने पाकीट उजेडात धरून बघितलं. "कंपनीचा असेल," तो म्हणाला. "माल खराब निघाला तर करायला."

त्याला तरी काय बोलायचं? त्याचं निम्मं गिऱ्हाईक एकेक सिगारेट घेतं. सुट्या सिगारेटी-बिड्या विकायला आपल्या राज्यात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, आणि त्या बंदीचं काय झालं ते कुठल्याही चौकात पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. सुटी घेणाऱ्याच्या हाती पाकीट येत नाही, तेव्हा क्रमांकही येत नाही. तो गल्ल्याशेजारी पडून राहतो, ज्याला तो कंपनीचा वाटतो त्याच माणसाच्या नजरेसमोर.

मोजतंय कोण

धूम्रपान सोडायला मदत करणारी फोनसेवा, असं म्हटलं की डोळ्यांसमोर सिगारेट येते. आपल्याकडे हे चित्रच फसवं आहे. २०१६-१७ साली देशभर प्रौढांच्या तंबाखूसेवनाची पाहणी झाली. त्यात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ या ना त्या रूपात तंबाखू घेतात असं दिसलं. ओढणारे त्यात अवघे ३.८ टक्के. २४.४ टक्के लोक तोंडात धरणारे, चघळणारे, दातांना घासणारे. म्हणजे मराठी माणसाचं व्यसन धुरात दिसत नाही, गालात दिसतं. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये मे २०१६ मध्ये ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली, ती म्हणूनच नुसती सिगारेटवाल्यांसाठी नाही. मळलेली तंबाखू, मिसरी, गुटखा, खर्रा, काहीही सोडायचं असलं तरी हाच क्रमांक. फोन फुकट, सकाळी आठ ते रात्री आठ, मंगळवार ते रविवार.

सोमवारी सुट्टी. हे कळल्यावर मी मोठ्याने हसलो होतो. 'सोमवारपासून सोडतो' हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं वचन आणि नेमका त्याच दिवशी फोन उचलणारं कुणी नाही.

माझ्या आत्याचा थोरला मुलगा, आमचे अप्पा, कराडच्या बाजूला राहतात. साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी केली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. खिशात चंची, चंचीत तंबाखू आणि चुन्याची डबी, हे चौतीस वर्षांचं बिऱ्हाड. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर डाव्या गालात आत एक पांढरट चट्टा दिसला. तालुक्याच्या दंतवैद्यांनी बघितलं, अजून काही नाही म्हणाले, पण तंबाखू थांबवा म्हणाले. आबांचं, म्हणजे आर. आर. पाटलांचं नाव तेव्हा घरात निघालं. आबा २०१५ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेले, ही गोष्ट सांगली-सातारा भागातला तंबाखू खाणारा माणूस विसरलेला नाही. तो ती आठवतो, हळहळतो आणि मग चंची सोडतो. बहुतेकदा त्याच क्रमाने.

क्रमांक मी लावून दिला. त्यांच्याच पुडीवरून वाचून. आधी यंत्राचा आवाज, मग भाषा निवडा, मग जरा वेळ वाजत राहिलेलं संगीत. अप्पा फोन कानापासून लांब धरून बसले होते, जणू तो गरम आहे. मग एक बाई बोलल्या, मराठीत, आणि अप्पांनी घाईघाईने फोन स्पीकरवर टाकून माझ्या हातात दिला. मी तो परत त्यांच्या हातात ठेवला.

बाईंनी तंबाखू वाईट आहे, हे एकदाही सांगितलं नाही. प्रश्न विचारले. वय काय, काय काम करायचात, तंबाखू कशी घेता, कधीपासून. दिवसातून किती वेळा?

"मोजतंय कोण?"

"बरं, पुडी किती दिवस जाते?"

हे अप्पांना सांगता आलं. एक पुडी दीड दिवस. तिथून बाईंनी हळूहळू बारांची संख्या काढली. सकाळी उठल्यावर पहिला बार किती वेळाने, या प्रश्नाला अप्पा "चहा झाल्यावर" म्हणाले आणि आतून वहिनींचा आवाज आला, "डोळं उघडायच्या आधी हात चंचीकडं जातुया, खोटं कशाला सांगताय!" बाई हसल्या आणि म्हणाल्या, वहिनींनाही बसू द्या जवळ.

हा प्रश्न सहज विचारलेला नसतो. कार्ल फागरस्ट्रॉम या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने निकोटिनचं अवलंबन मोजायला जी छोटी प्रश्नावली बांधली, तिचा कणा हाच प्रश्न आहे: जागं झाल्यापासून पहिल्या वेळेपर्यंत किती मिनिटं? निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. रात्रभर झोपलेल्या माणसाचं शरीर पहाटे रिकाम्या डब्यासारखं झालेलं असतं. पाच मिनिटांच्या आत ज्याला लागते त्याची गाठ घट्ट. आणि आपल्याकडच्या मळलेल्या तंबाखूत ती चुन्याने अधिक घट्ट होते. चुना तिखटपणासाठी असतो असा आपला समज. पण चुन्याच्या क्षारपणामुळे निकोटिन मोकळं होऊन गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात जातं. तळहातावर अंगठ्याने होते ती रसायनशाळा आहे, आजोबांच्या पिढीने अनुभवाने बसवलेली.

मग बाईंनी विचारलं, सोडण्याची भीती कशाची वाटते? मला वाटलं होतं अप्पा डोकेदुखी सांगतील, चिडचिड सांगतील. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "सकाळी मोकळं व्हायचं कसं, ह्येची." आमच्या घराण्यातल्या, आणि मला खात्री आहे निम्म्या महाराष्ट्रातल्या पुरुषांची ही खरी अडचण आहे, आणि ती दवाखान्यात डॉक्टरसमोर कुणी बोलत नाही. बाईंनी ती अगदी गंभीरपणे घेतली. निकोटिनने आतडी हलतात, बंद केल्यावर काही दिवस जड जातं, हे खरंच आहे म्हणाल्या. उठल्यावर कोमट पाणी, पपई, थोडं चालणं, दोन-तीन आठवडे सोसा. अप्पांचा चेहरा त्या क्षणी उजळला. आपलं दुखणं खरं आहे, असं त्यांना चौतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं.

सोडायची तारीख ठरवायची होती. आठ-पंधरा दिवसांतली हवी. अप्पांनी आषाढी एकादशी धरली. ती रविवारी येत होती. वहिनी माळकरी आहेत, त्यांना हे पटलं, अप्पांना त्यातून पळवाट सुचली, "माळ घातलेली माणसं बी खात्यात की." खरं आहे ते. तुळशीची माळ गळ्यात आली की मटण सुटतं, दारू सुटते. तंबाखू मात्र दिंडीबरोबर पंढरपूरपर्यंत चालत जाते.

तोंडात बार असलेला आवाज

अशाच एका मदतवाहिनीवर चार वर्षं काम केलेल्या एका बाईंना मी पुण्यात भेटलो. आता त्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही.

आलेल्या फोनपैकी बरेच फोन म्हणजे नुसता श्वास असायचा, त्या म्हणाल्या. माणूस पुडीवरचा नंबर गंमत म्हणून लावतो, पलीकडून खरंच कुणीतरी 'नमस्कार' म्हणतं आणि तो दचकून ठेवून देतो. काही जण तीन-चारदा असं करून पाचव्यांदा बोलतात. मित्राच्या नादाने लावणारी पोरं असतात. बायका असतात, नवऱ्याबद्दल सांगणाऱ्या: त्यांना तुम्ही फोन करा, माझं ऐकत नाहीत. त्यांना नाही म्हणावं लागतं. ज्याचं व्यसन त्याने बोलायला हवं. दुसऱ्याच्या तक्रारीवरून केलेला फोन हा त्या घरातल्या भांडणात टाकलेली आणखी एक काडी.

चेहरा दिसत नाही याचं त्यांना सुरुवातीला फार वाईट वाटायचं. नंतर कान तयार झाला. "तोंडात बार धरलेला माणूस हनुवटी वर करून बोलतो. शब्द गोल गोल येतात, प आणि ब नीट फुटत नाहीत. मी म्हणायची, दादा, आधी थुंकून या, मी थांबते." माणूस ओशाळायचा, जायचा, परत यायचा. पलीकडे नळ सुरू झाल्याचा आवाज यायचा. तो नळाचा आवाज आला की पुढचं संभाषण वेगळं व्हायचं, असं त्यांचं निरीक्षण. आपलं ऐकलं जातंय, याची ती पावती असावी.

सगळ्यांत अवघड काय? "होकार," त्या म्हणाल्या. मराठी माणूस फोनवर कुणालाही नाही म्हणत नाही. हो ताई, करतो ताई, नक्की ताई. सरळ 'जमणार नाही' म्हणणाऱ्याबरोबर काम करता येतं. त्यामुळे होकार आला की त्या तपशील विचारायच्या. उरलेल्या पुडीचं काय करणार? चुन्याची डबी कुठे ठेवणार? उद्या सकाळी पारावर कोण कोण असतं आणि त्यातला कोण पहिल्यांदा हात पुढे करतो? तपशिलाला 'हो ताई' असं उत्तर देता येत नाही.

सॅन डिएगोचं वेळापत्रक

फोनवरून व्यसन सोडवण्याची कल्पना आपली नाही. ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकात तिची सुरुवात झाली. पण तिला शास्त्राचा आधार मिळाला तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. तिथल्या मतदारांनी १९८८ साली सिगारेटच्या पाकिटामागे २५ सेंट जादा कर लावायचा कौल दिला आणि त्या पैशातला काही भाग तंबाखूविरोधी कामाला मिळाला. १९९२ मध्ये सॅन डिएगोच्या विद्यापीठातून राज्यभरासाठी मदतवाहिनी सुरू झाली. ओढणाऱ्यांच्याच पैशातून ओढणाऱ्यांना फोन, असा तो हिशोब.

तिथे शू-होंग झू या संशोधकाने एक साधी गोष्ट लक्षात घेतली, आणि मला या सगळ्या प्रकरणात तीच सर्वांत मोलाची वाटते. पूर्वी समुपदेशन आठवड्याला एकदा, ठरल्या वारी, शाळेच्या तासासारखं चालायचं. पण माणूस घसरतो तो आठवड्याच्या वेळापत्रकाप्रमाणे नाही. घसरणाऱ्यांतले पुष्कळ जण पहिल्या काही दिवसांतच घसरतात. निकोटिन बंद झाल्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीराचा त्रास टोकाला जातो: झोप नाही, चिडचिड, कशात लक्ष नाही. मग दोन ते चार आठवड्यांत तो ओसरत जातो. झूने फोन तसे लावले. सोडल्यावर पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या. जिथे खड्डे जास्त तिथे कंदील जास्त.

यात आणखी एक बदल दडलेला आहे. माणसाने फोन करायचा, ही झाली चौकशी खिडकी. नंतरचे फोन मात्र वाहिनीकडून येतात. संशोधनात या परतीच्या फोनांचंच वजन दिसतं. जगभरच्या चाचण्या एकत्र करून बघणाऱ्या कॉक्रेन परीक्षणाने असा अंदाज मांडला की मदतवाहिनीला आपणहून फोन करणाऱ्या शंभर जणांपैकी एरवी सात सोडत असतील, तर परतीच्या फोनांनी ते दहा होतात. सातचे दहा! मी ते वाचून खट्टू झालो होतो. पुण्यातल्या बाईंना तसं म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "ते तीन जण तुमच्या घरातले असते तर?" मी वाद घातला नाही. पण शंभरातल्या नव्वदांसाठी फोन पुरेसा नाही हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे, आणि फोनसेवेच्या जाहिरातीत ते कुणी सांगत नाही.

आपल्याकडे वेष्टनांवर क्रमांक छापल्यावर दिल्लीच्या केंद्रावर येणारे फोन अनेक पटींनी वाढले. मग बेंगळुरूची निम्हान्स, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि गुवाहाटीची डॉ. बी. बरुआ कर्करोग संस्था यांना जोडून घेतलं गेलं. भाषा वाढल्या. कर्करोगाच्या रुग्णालयात हे काम चालावं यात एक कडवट शहाणपण आहे. त्या इमारतीत फोन न केलेली माणसं रोज येतात.

तव्यावरची मिसरी

वहिनींच्या माहेरी, पाटण खोऱ्यातल्या एका वाडीत, मी दोन दिवस राहिलो. सकाळी अंगणात उभं राहिलं की कुठल्या घरात मिसरी भाजली जातेय ते वासावरून कळतं. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, चाळायची, डबीत भरायची. सकाळी, दुपारी भांडी झाल्यावर, रात्री जेवल्यावर, डाव्या हाताच्या तर्जनीने दातांवर घासत पायरीवर बसायचं. तेवढाच त्या बाईचा दिवसातला बसण्याचा वेळ. दात दुखतो म्हणून लावली, हे कारण प्रत्येकीकडे तयार. दुखणारा दात पडून वीस वर्षं झाली तरी मिसरी चालूच.

इथे क्रमांक पोचत नाही. तंबाखू बाजारातून सुटी येते, डबीवर काही छापलेलं नसतं. विदर्भातल्या खर्ऱ्याची गत तीच: पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना समोर घोटून पन्नीत बांधून मिळतो. वेष्टन नाही तर इशारा कशावर छापणार? गडचिरोलीत 'मुक्तिपथ'सारख्या मोहिमेला गावोगाव माणसं पाठवावी लागतात, ती उगाच नाही. गुटख्यावर तर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि बंदी असलेल्या मालाच्या पुडीवर मदतीचा क्रमांक बघायचा, ही आपल्या व्यवस्थेची खास गंमत.

पण वाडीतल्या एका बाईने मला उलट बाजू दाखवली. मिसरी लावणं हे व्यसन आहे असं पुरुषांच्या तोंडावर बोलणंच बाईला जमत नाही. आरोग्यसेविका गावातली, डॉक्टर पुरुष, नवरा स्वतः खाणारा. "फोनवर कोन हाय ते ना मला दिसतंय, ना तिला मी," ती म्हणाली. मुलीच्या मोबाइलवरून, गोठ्यात जाऊन तिने फोन केला होता. सोडली का? "कमी केली." डबी कुठे आहे विचारलं तर हसली आणि पदर सावरला.

मंगळवार

एकादशीला अप्पांनी चंची देव्हाऱ्याखाली ठेवली. रविवार उपवासात गेला. सोमवारी त्यांनी दोनदा वहिनींवर, एकदा बैलावर आणि संध्याकाळी टीव्हीवर आवाज चढवला. रात्री झोप नाही. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मी तिथेच होतो. अप्पा ओसरीवर डावा तळहात उघडा ठेवून बसले होते आणि उजवा अंगठा त्या रिकाम्या हातावर फिरत होता. मळत होते. त्यांना ते कळलंही नव्हतं.

तेव्हा फोन वाजला. त्याच बाई होत्या की दुसऱ्या, अप्पांना सांगता आलं नाही, पण त्यांना अप्पांचं सगळं ठाऊक होतं. दीड दिवसाची पुडी, बॉयलर, सकाळचा प्रश्न. पहिलं वाक्य, "सकाळी पोट साफ झालं का?" अप्पा थक्क झाले. ही विचारपूस त्यांच्या सख्ख्या भावाने केली नव्हती.

तलफ आली की काय करता, या प्रश्नावर अप्पा म्हणाले, "काय करनार, सोसतो." बाईंनी सांगितलं, ती लाटेसारखी आहे, चार-पाच मिनिटांत उतरते, तुम्ही खा नाहीतर खाऊ नका. तेवढी मिनिटं काढायची. थांबायचं, पाणी प्यायचं घोट घोट, खोल श्वास, आणि हाताला काहीतरी काम. अप्पांच्या बाबतीत हाताचं काम महत्त्वाचं, असं त्यांनी ओळखलं. शेंगा सोला म्हणाल्या. तोंडात लवंग, बडीशेप चालेल. सुपारी नको. सुपारी निरुपद्रवी, असं मलाही वाटायचं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे.

निकोटिनच्या गमबद्दलही बोलणं झालं. दोन मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवाय मिळतं. ते च्युइंगगमसारखं चघळायचं नसतं. हळू चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात नेऊन ठेवायचं, पुन्हा जरा चावायचं. शहरातल्या सिगारेटवाल्यांना हे समजावताना समुपदेशकांच्या नाकी नऊ येतात म्हणे. अप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे बार धरायचा. येतंय की मला."

फोन चौदा मिनिटं चालला. संपल्यावर वहिनींनी शेंगांची अर्धी पाटी आणून समोर ठेवली. मग अप्पांनी माझ्याकडून तो नंबर मोबाइलमध्ये साठवून घेतला. नाव काय टाकू? जरा विचार करून म्हणाले, "तंबाखू मॅडम." पुढच्या आठवड्यात त्या नावाने फोन वाजताना त्यांच्या व्याह्यांनी बघितलं आणि त्यावरून घरात जे झालं ते वेगळ्या लेखाचा विषय आहे.

घाटावर

आषाढ सरायच्या आत भावकीत एक मयत झालं. दहाव्याला नदीच्या घाटावर पुरुषमाणसं जमली. पिंडाला कावळा शिवेना. पाऊस भुरभुरत होता. अशा वेळी कुणीतरी चंची काढतं, आणि ती एकाची नसते. मळणारा मळतो, दोन थापट्या मारतो आणि तळहात पुढे करतो. त्याच्याकडून चिमूट घेणं म्हणजे तुमच्या दुःखात मी आहे म्हणणं. नको म्हणणारा त्या घोळक्यात एकदम उभा दिसतो. सिगारेट सोडणारा धुरापासून लांब जाऊ शकतो. तंबाखू सोडणाऱ्याला माणसांपासून लांब जावं लागतं, आणि हे फोनवरच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसावं, कारण ती पुस्तकं सिगारेटवरून लिहिलेली आहेत.

अप्पांनी घेतली. एक तिथे, एक परत येताना.

दोन दिवसांनी फोन आला तेव्हा ते म्हणाले, "चाललंय चांगलं." फोन ठेवला. पाच मिनिटं बसले. मग स्वतः नंबर लावला, पुन्हा भाषा निवडली, पुन्हा ते संगीत ऐकलं, आणि जी कुणी मुलगी बोलली तिला म्हणाले, मघाशी मी खोटं सांगितलं. शिव्या बसणार या तयारीने ते मान खाली घालून बसले होते, हे वहिनींनी मला सांगितलं. मुलीने विचारलं, कुठे होतात, कुणी दिली, किती घेतली, घरी आल्यावर पुडी विकत आणली का? नाही आणली. मग पुढचं कार्य कधी आहे? तेरावा दुसऱ्याच दिवशी होता. त्या दिवशी पंगतीत वाढायला उभे राहा, ती म्हणाली. वाढणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, त्याच्यापुढे कुणी चिमूट धरत नाही.

"पोरगी वरडलीच न्हाई," अप्पा मला म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी निराशाही होती, असं मला वाटलं.

तेराव्याला त्यांनी भात वाढला. तीन पंगती.

हा लेख संपादकांकडे पाठवायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. रात्री पावणेदहाला अप्पांचा फोन आला. एवढ्या उशिरा गावाकडून फोन म्हटल्यावर मी धसकलोच.

"काय झालं?"

"काय न्हाई. ती बाई आज नसती. सोमवार हाय."

मला काय बोलावं सुचेना. मग फोनवरच्या त्या मुलीने विचारलं होतं तसं विचारलं. आत्ता कुठे बसलाय? ओसरीवर. जवळ कोण आहे? कोण न्हाई, ही झोपली. हातात काय आहे? काय न्हाई. जेवलात कधी? जेवण झालं होतं, पिठलं होतं, मीठ जास्त पडलं होतं. पाणी आहे का जवळ? तांब्या होता. प्याले, मला घोट ऐकू आले. मग विषय म्हशीवर आला. शेजारची म्हैस अडली होती, डॉक्टर वेळेवर आला नाही, अप्पांनी आणि शेजाऱ्याने मिळून रेडकू ओढून काढलं, पाय आधी आले होते, दावं कसं बांधलं, म्हशीने लाथ कुणाला मारली. मी मध्ये मध्ये नुसतं हं म्हणत होतो. बोलता बोलता ते थांबले.

"गेली बघ."

"म्हैस?"

"तलफ," अप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.